दोनशे पंचावन्नच्या पुढे गोरे होता येत नाही

पिक्सेल हा चित्राचा सर्वांत लहान चौकोन. त्यात तीन आकडे साठवलेले असतात: लाल किती, हिरवा किती आणि निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ या मर्यादेत राहतो, कारण त्याला आठ बिटांची जागा मिळालेली असते आणि आठ बिटांत २५६ पेक्षा जास्त वेगळे आकडे मावत नाहीत. तिन्ही शून्य म्हणजे काळा, तिन्ही २५५ म्हणजे पांढरा, तिन्ही सारखे म्हणजे राखाडी. या तीन आकड्यांच्या जुळणीतून १,६७,७७,२१६ रंग तयार होतात. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत फोटो, डीटीपी आणि फ्लेक्सच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांतला एकच हवा असतो: आहे त्यापेक्षा जरा उजळ.

चौकोनांतून चित्र उभे करणे ही या गावाला नवी गोष्ट नाही. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्ड मागावर चढण्याआधी आलेखाच्या कागदावर उतरते. एकेक चौकोन रंगवायचा, रंगवलेल्या चौकोनाप्रमाणे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडायची आणि भोक आहे की नाही यावरून मागाने धागा उचलायचा की सोडायचा हे ठरवायचे. एका चौकोनाला एकच प्रश्न आणि त्याला दोनच उत्तरे. १९५७ साली रसेल कर्श यांनी अमेरिकेत आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात घातला, तेव्हा १७६ गुणिले १७६ चौकोनांच्या त्या चित्रालाही प्रत्येक चौकोनामागे दोनच उत्तरे माहीत होती, काळे किंवा पांढरे. म्हणजे संगणकातले पहिले स्कॅन केलेले बाळ हे तत्त्वतः विणकामच होते. एका बाबतीत तर चादर पुढेच होती, तिला रंग होते.

तीनच रंग का, याचे उत्तर डोळ्यात आहे. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, म्हणून तीन आकड्यांवर भागते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लंडनला हे दाखवून दिले. एका रंगीत पट्ट्यापट्ट्यांच्या फितीचे लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून वेगवेगळे फोटो काढून घेतले आणि तिन्ही पडद्यावर एकावर एक पाडले. फीत रंगीत दिसली. शंभर वर्षांनी असे लक्षात आले की त्या काळच्या फोटोच्या काचेला लाल प्रकाश दिसतच नव्हता. फितीच्या लाल भागातून परावर्तित होणारे अतिनील किरण लाल फिल्टरमधून आरपार गेले आणि तेच 'लाल' म्हणून उमटले. रंगीत छायाचित्रणाचा पाया असा नशिबाने घातला गेला आहे, हे फ्लेक्सच्या दुकानात काम करणाऱ्यांनी अवश्य लक्षात ठेवावे.

तीन आकडे एकाच मोठ्या आकड्यात कोंबून ठेवण्याची पद्धत आहे. उदाहरणार्थ, पडद्यावर सर्रास वापरला जाणारा केशरी: लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१. हेक्स कोडमध्ये तो 'एफएफ ९९ ३३' असा लिहितात. संगणकाच्या पोटात तो १,६७,५०,८९९ या एका आकड्याने राहतो. त्याला ६५,५३६ ने भागले की २५५ भाग जातो, तो लाल. उरलेल्या ३९,२१९ ला २५६ ने भागले की १५३, तो हिरवा. बाकी उरते ५१, तो निळा. प्रोग्रामर भागाकार न करता बिट सरकवतात. हिशेब तोच, फक्त तो करताना ते जास्त गंभीर दिसतात. पारदर्शकतेसाठी चौथा आठ बिटांचा खण जोडला की काही भाषांत गंमत होते. जावामध्ये हा ३२ बिटांचा आकडा ऋण होऊ शकतो, त्यामुळे संपूर्ण अपारदर्शक शुभ्र पांढऱ्याची किंमत तिथे उणे एक भरते. पेठेतल्या जनमताशी हे अजिबात जुळत नाही.

घटकांचा क्रमही सर्वमान्य नाही. बहुतेक ठिकाणी लाल, हिरवा, निळा असा क्रम चालतो. विंडोजच्या बिटमॅप फाइलमध्ये आणि ओपनसीव्ही या चित्रे हाताळणाऱ्या प्रसिद्ध प्रोग्राम-संचात मात्र निळा आधी आणि लाल शेवटी. एका प्रोग्रामने लिहिलेले दुसऱ्याने चौकशी न करता वाचले की लाल आणि निळ्याची अदलाबदल होते. सावळ्या गालाचा एक नमुना पिक्सेल घ्यावा: लाल १६८, हिरवा ११२, निळा ८४. उलट वाचला तर तो ८४, ११२, १६८ होतो आणि चेहरा एकदम पौराणिक दिसू लागतो. हिरवा मधोमध असल्याने त्याला काहीच होत नाही. आजूबाजूची झाडे जशीच्या तशी राहतात, त्यामुळे दोष प्रोग्रामचा नसून माणसाचा आहे असा पाहणाऱ्याचा समज होतो.

हाच गाल पुढच्या चर्चेसाठी जपून ठेवावा, कारण खरे काम आता सुरू होते. वाढदिवसाचा फ्लेक्स करायचा आहे. उत्सवमूर्ती, तिचे दोन मित्र आणि कुणाचा तरी मामा असे चौघे ऑपरेटरच्या खुर्चीमागे उभे आहेत.

"अण्णा, जरा उजळ करा की."

उजळ करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बेरीज. तिन्ही घटकांत ६० मिळवले की गाल २२८, १७२, १४४ होतो. मंडळी खूश होतात, पण थांबत नाहीत. "अजून थोडं." पुन्हा ६० मिळवले की लाल २८८ वर जातो, पण खण २५५ ला संपतो, म्हणून तिथेच त्याला अडवावे लागते. आता गाल २५५, २३२, २०४. "अजून एकदम थोडं." तिसऱ्या बेरजेला हिरवा २९२ आणि निळा २६४ होतो, तेही २५५ वर अडतात, आणि गाल होतो २५५, २५५, २५५. उत्सवमूर्ती उजळून शिल्लकच राहत नाही. गालाच्या जागी कागद दिसतो. भुवया, मिशी आणि गॉगल तेवढे अधांतरी तरंगतात.

मामांना हे पटत नाही. "आधीचंच बरं होतं, मागं घ्या." आधीची फाइल न उघडता वजाबाकी करून मागे घेतले, तर तिन्ही घटकांतून १८० वजा होतात आणि गाल ७५, ७५, ७५ असा राखाडी होतो. २५५ वर अडवताना कोणाचा किती भाग कापला याची नोंद कुठेही नसते. लाल १६८ आणि निळा ८४ होता, ही माहिती दुसऱ्या आणि तिसऱ्या 'थोडं'ने खाल्लेली असते. अनडू नावाचे बटण गणिताच्या भरवशावर न राहता जुना फोटो जपून ठेवते, ते याचसाठी.

२५५ वर अडवण्याची दक्षता प्रोग्रामरने घेतली नाही तर निकाल अधिक प्रेक्षणीय होतो. आठ बिटांच्या खणात २८८ लिहायला गेले की २५६ गळून जातात आणि ३२ उरतात. दुसऱ्या बेरजेनंतरचा गाल मग ३२, २३२, २०४ होतो. हा शुद्ध मोरपंखी रंग आहे. साडीत तो फार खुलतो. पायथॉन भाषेच्या नमपाय या संचात आठ बिटांच्या दोन चित्रांची बेरीज केली की असेच होते, आणि काहीही चुकल्याची सूचना येत नाही. ओपनसीव्हीची बेरीज मात्र आपणहून २५५ वर थांबते. दोन्ही एकाच प्रोग्राममध्ये वापरणारे लोक आहेत, आणि त्यांचे केस लवकर पांढरे होतात.

बेरजेपेक्षा गुणाकार बरा. नमुन्याच्या गालात लाल, हिरवा आणि निळा यांचे प्रमाण ६:४:३ आहे. दीडपट केले की २५२, १६८, १२६ होतात, आणि प्रमाण ६:४:३ च राहते. चेहरा उजेडात आल्यासारखा दिसतो, माणूस तोच राहतो. बेरजेने प्रमाण ढासळते, कारण ८४ ला ६० चे जेवढे अप्रूप असते तेवढे १६८ ला नसते. तांत्रिकदृष्ट्या गुणाकार निर्विवाद श्रेष्ठ आहे. दुकानात मात्र त्याला मागणी कमी, कारण त्याने माणूस गोरा होत नाही, फक्त स्वच्छ दिसतो.

आता 'रंग' या बाबीकडे. गिऱ्हाईक तीन आकड्यांत बोलत नाही. ते डाळिंबी, आमसुली, अबोली, लिंबू, राणी कलर असे बोलते, आणि त्याला हवा असतो तो 'हाच, पण जरा डार्क'. या बोलण्याला जवळची अशी मांडणी अल्वी रे स्मिथ यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. तिला एचएसव्ही म्हणतात. रंगाची जात ० ते ३६० अंशांच्या वर्तुळावर, त्याचा गडदपणा टक्क्यांत आणि उजळपणाही टक्क्यांत. नमुन्याचा गाल या मांडणीत २० अंश, ५० टक्के गडद, ६६ टक्के उजळ असा येतो. 'गोरा करा' या विनंतीचे शास्त्रीय भाषांतर आता करता येते: अंशांना हात न लावता गडदपणा कमी करा, उजळपणा वाढवा.

ही मांडणी हाती आली की प्रोग्रामरला कल्पना सुचते, की २० अंशांच्या आसपासचे सगळे पिक्सेल निवडावेत आणि तेवढेच उजळावेत, म्हणजे कपडे, भिंत, मोटारसायकल सुरक्षित राहतील. कल्पना सुंदर आहे. परंतु वर आलेला केशरी मोजला तर तो ३० अंशांवर बसतो. गाल आणि केशरी फेटा यांच्यात अवघे दहा अंशांचे अंतर. गालासाठी जाळे जरा सैल टाकले की फेटा त्यात सापडतो आणि धन्याबरोबर तोही गोरा होतो. फेटा फिकट झालेला मात्र कोणत्याही मंडळाला चालत नाही. कुंकवाची अडचण वेगळीच. लाल रंग वर्तुळाच्या ० अंशावरही आहे आणि ३६० वरही, त्यामुळे कुंकू निवडताना दोन्ही टोकांना हात घालावा लागतो. ओपनसीव्हीत तर ३६० अंश आठ बिटांत मावत नाहीत म्हणून ते अर्धे करून १८० केलेले आहेत. ज्याला हे ठाऊक नसते तो कुंकू शोधायला निघतो आणि रिकाम्या हाताने परततो.

रंगीत चित्र काळे-पांढरे करणे हे वरवर सोपे वाटते, तिन्हींची सरासरी काढली की झाले. पण शुद्ध हिरव्या पाटीवर शुद्ध लाल अक्षरे असतील तर दोन्हींची सरासरी ८५ येते आणि पाटी कोरी होते. डोळ्याला तिन्ही रंग सारखे उजळ वाटत नाहीत. हिरवा सर्वांत उजळ, मग लाल, निळा पार मागे. म्हणून लालचे २९.९ टक्के, हिरव्याचे ५८.७ टक्के आणि निळ्याचे ११.४ टक्के घेतात. या हिशेबाने लाल अक्षरे ७६ वर आणि पाटी १५० वर जाते, आणि मजकूर वाचता येतो. हे प्रमाण अमेरिकेने १९५३ मध्ये रंगीत टीव्ही आणला तेव्हापासून चालत आले आहे. लोकांच्या घरचे जुने काळे-पांढरे संच टाकून द्यावे लागू नयेत, अशी त्यामागची सोय. दूरदर्शन १९८२ मध्ये रंगीत झाले तेव्हाही असंख्य घरांत ते काळेपांढरेच पाहिले गेले, आणि हिरव्याला लालपेक्षा जास्त मान मिळत राहिला.

उलटा फोटो, म्हणजे निगेटिव्ह, करणे त्याहून सोपे. प्रत्येक घटक २५५ मधून वजा करायचा. गाल ८७, १४३, १७१ होतो. दुहेरी विणीची सोलापुरी चादर उलटी केली की नक्षीचा रंग जमिनीला आणि जमिनीचा नक्षीला जातो. ती नुसती अदलाबदल असते, वजाबाकी नसते, आणि म्हणून चादर दोन्ही बाजूंनी अंथरता येते. निगेटिव्ह चेहऱ्याची दुसरी बाजू कोणी भिंतीवर लावत नाही.

आतापर्यंत पिक्सेलमधले आकडे खरे आहेत असे गृहीत धरले. तसे ते नसतात. कॅमेऱ्याच्या आतल्या एकेका ठिपक्यावर एकाच रंगाची काच असते. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांच्या १९७६ च्या पेटंटप्रमाणे निम्म्या ठिपक्यांवर हिरवी, पावभरांवर लाल आणि पावभरांवर निळी. प्रत्येक ठिपका एकच घटक मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांना विचारून भरतो. म्हणजे फोटोतले दोन तृतीयांश आकडे अंदाजपंचे असतात. पेठेत राहणाऱ्याला या पद्धतीचे नवल वाटू नये. आपल्या घरातली अर्धीअधिक माहिती शेजाऱ्यांकडूनच कळते.

त्यावर कॅमेरा पांढऱ्याचा तोल सांभाळतो. ट्यूबलाइटखाली सगळे हिरवट दिसते, साध्या बल्बखाली पिवळट. ते दुरुस्त करण्यासाठी एक जुने गृहीतक वापरतात, की कुठल्याही चित्राची सरासरी राखाडी असावी. सरासरी पिवळी आली तर उजेड पिवळा असणार असे समजून निळा वाढवायचा. हळदीच्या कार्यक्रमात हे गृहीतक कोलमडते. नवरा पिवळा, पाट पिवळा, करवल्या पिवळ्या, मांडवाचे कापड पिवळे. प्रोग्राम प्रामाणिकपणे समजतो की दिव्यात बिघाड आहे आणि सगळी हळद उतरवून टाकतो. उलट अडचण जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत येते. सात नंदीध्वज, ते पेलणारे आणि पुढेमागे चालणारे हजारो भक्त पांढऱ्या बाराबंदीत, आणि वर टळटळीत ऊन. इथे सरासरी काढायला काही शिल्लकच राहत नाही, निम्मे पिक्सेल २५५ ला टेकलेले असतात. बाराबंदीच्या चुण्या, नाड्या, सगळे त्या एका आकड्यात विरून जाते. अनुभवी फोटोग्राफर त्या दिवशी उजेड मुद्दाम कमी धरतो आणि अंधारातले चेहरे नंतर गुणाकाराने वर काढतो. वर काढता येते. २५५ च्या पलीकडे गेलेले परत आणता येत नाही.

चौथा घटक, अल्फा, पारदर्शकता सांगतो. ० म्हणजे नाहीच, २५५ म्हणजे पक्का, मधले आकडे म्हणजे थोडा हा आणि थोडा मागचा. फ्लेक्सवरचे मान्यवर वेगवेगळ्या फोटोंतून कापून आणलेले असतात आणि केसांच्या कडेला त्यांचा अल्फा मधला असायला हवा. घाईत तो ० किंवा २५५ केला जातो. मग केस टोपीसारखे बसतात, किंवा जुन्या भिंतीचा पांढरा काठ डोक्याभोवती तेजोवलयासारखा राहतो. दुसऱ्या प्रकाराबद्दल तक्रार आल्याचे ऐकिवात नाही. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये चित्रांवर चित्रे चढवण्याचे नियम नीट लिहून ठेवले आहेत, पण मान्यवर कोणाच्या वर आणि कोणाच्या खाली, याबद्दल त्या निबंधात काहीही नाही, आणि दुकानातले बहुतेक वाद त्यावरच होतात.

मिश्रण करताना आणखी एक पाचर आहे. फाइलमधला आकडा उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतो. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या एसआरजीबी पद्धतीत निम्मा उजेड १२८ वर न येता १८८ च्या आसपास येतो. सरळ सरासरी काढणारे प्रोग्राम त्यामुळे कडा काळवंडून टाकतात. बहुतेक प्रोग्राम सरळच सरासरी काढतात.

छपाईपर्यंत आले की लाल, हिरवा, निळा यांचे राज्य संपते. पडदा उजेड देतो, शाई उजेड खाते, म्हणून छपाईत निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळा आणि काळा असे चार घटक लागतात. पडद्यावरचा ०, २५५, ० हा झगझगीत पोपटी हिरवा या चार शायांतून निघतच नाही; निघतो तो थकलेला. शुद्ध निळा जांभळ्याकडे झुकतो. गिऱ्हाईक मोबाइल फ्लेक्सशेजारी धरते आणि म्हणते, "ह्यात तर भारी दिसायलंय की." त्यात दिसणारच. मोबाइलला मागून दिवा असतो.

फाइल मोबाइलवरून येते-जाते त्या प्रवासातही घटक गळतात. १९९२ चे जेपेग मानक चित्राचा उजेड एकीकडे आणि रंग दुसरीकडे काढते, आणि डोळा रंगाच्या बाबतीत आळशी असल्याने साधारणपणे चार पिक्सेलांत मिळून रंगाची एकच जोडी ठेवते. बारा आकड्यांचे काम सहांवर येते, तेही आणखी गोळाबेरीज करून. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पुढे ढकलताना तो पुन्हा दाबला जातो. हिरव्यावरची बारीक लाल अक्षरे सगळ्यांत आधी बिघडतात. उजेड जागेवर असतो, रंग मात्र शेजारी सांडलेला असतो.

लागलेला फ्लेक्स सोलापूरच्या उन्हात उभा राहिला की ऊनही घटकांवर काम करते. पिवळी आणि गुलाबी शाई आधी विटते, निळसर टिकते. उत्सवमूर्ती, मित्र आणि मान्यवर हळूहळू निळे पडतात. पुढच्या वर्षी वाढदिवस येतो, मंडळी दुकानात येतात आणि त्या निळ्या फ्लेक्सचा मोबाइलवर काढलेला, तिघांकडून फिरून आलेला फोटो ऑपरेटरपुढे धरतात. तो मूळ फोटो मागतो.

"ह्योच की ओरिजिनल. जरा उजळ करा फक्त."